अण्णांचा दुधीचा रस

‘‘आधी बसा. उभ्यानं काही प्यायचं नाही,’’ अण्णा म्हणाले आणि हिरवट रसानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

मी परसातल्या ओट्यावर बसलो. पाडव्याची सकाळ, सातचा सुमार. स्वयंपाकघरातून अनारसे तळल्याचा वास येत होता, चुलतघरची पोरं कुठंतरी लवंगी फटाके उडवत होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आलेला मी, नवा झब्बा घालून दुधीच्या रसाकडे बघत होतो.

‘‘घरचा आहे.’’ अण्णांनी कुंपणावरच्या वेलाकडे बोट केलं. ‘‘खत नाही, फवारा नाही. तीन वर्षं रोज सकाळी घेतोय. साखर बघा माझी, एकदम काबूत.’’

‘‘हो, दिसतंयच,’’ मी म्हणालो. साखर कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी अण्णांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

त्याचं कारण सांगायला हवं. जयवंतराव मोहिते, म्हणजे अण्णा, कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. मी त्यांच्या मुलीशी, वृषालीशी, पुण्यात परस्पर लग्न ठरवलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, नकारही दिला नाही. नोंदणी कार्यालयात आले, सही केली, तिथल्या कारकुनाला ‘‘तुमच्या जिन्याला कठडा नाही, कुणीतरी पडेल’’ असं सुनावलं, आणि गेले. माझ्याशी एक शब्दही नाही. पुढचं वर्षभर फोनवर माझा आवाज आला की ते फक्त म्हणायचे, ‘‘वृषालीला द्या.’’ वृषाली फोन ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. ते मला बघवत नसे. मग दसऱ्याच्या सुमारास सासूबाईंचा फोन आला, ‘‘हे म्हणतायत, पाहुण्यांना पाडव्याला बोलवा.’’ वृषाली त्या दिवशी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती.

तेव्हा ही भेट बिघडू द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आदल्या संध्याकाळी मी दारात वाकून नमस्कार केला, तर अण्णांनी आशीर्वादाऐवजी मला घर दाखवायला सुरुवात केली. ‘‘हा मेन स्विच. ही वाळूची बादली. जिन्याची सातवी पायरी बुटकी आहे, बघून उतरा.’’ घरभर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाट्या लावल्या होत्या. गिझरपाशी ‘आधी बंद, मग अंघोळ’. गॅसपाशी ‘नॉब पाहिला का? पुन्हा पाहा’. औषधांच्या कपाटावर ‘तारीख वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये’. न्हाणीघरात रबरी चटई आणि धरायला दांडी. जेवण झाल्यावर आणि झोपायच्या आधी ते तीनतीनदा जाऊन गॅसचा नॉब चाचपायचे. श्रीरंग हे माझं नाव त्यांच्या तोंडी येत नव्हतं, माझ्याशी बोलताना ते ‘अहो पाहुणे’च म्हणत होते. पण बोलत होते, आणि वृषाली माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होती.

आणि आता त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी रस केला होता. एरवी तो सासूबाई करायच्या. त्या दिवशी त्या अनारशांत गुंतल्या होत्या, म्हणून अण्णांनी स्वतःच दुधी सोलला, मिक्सर लावला, गाळणीनं गाळला. माझ्यासाठी लहान पेला, स्वतःसाठी तांब्याएवढा मोठा.

मी पहिला घोट घेतला आणि माझी जीभ घशाकडे पळाली.

कडू म्हणजे किती कडू? कारलं त्याच्यापुढं पेढा वाटावा. डोळ्यांत पाणी आलं. मला लहानपणापासून माझ्या मावशीनं वाढवलं. तिची एकच सक्त शिकवण होती, परक्या घरी पुढ्यात येईल ते संपवायचं आणि छान झालंय म्हणायचं. शिवाय औषधी गोष्ट कडूच असणार, अशी माझी समजूत. मी श्वास रोखला आणि उरलेला पेला गटागटा रिकामा केला.

अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांचा पेला अजून कट्ट्यावर होता.

‘‘कडू आहे का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘छे, छे!’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. छान आहे. एकदम ताजा.’’

‘‘नाही, कडू असेल तर सांगा.’’

‘‘नाही हो अण्णा. उलट गोडसरच आहे.’’

गोडसर! ती माझी स्वतःची भर. आजही तो शब्द आठवला की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. अण्णांनी समाधानानं मान हलवली, माझ्याशेजारी ओट्यावर टेकले आणि अख्खा पेला शांतपणे प्यायले. तोंड वाकडं केलं नाही, मध्ये थांबले नाहीत. मी मनात म्हटलं, बाप रे, काय माणूस आहे.

दहा मिनिटांत माझ्या पोटात पिळवटून आलं. मी न्हाणीघरात गेलो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि भडाभडा ओकलो. पहिल्याच सणाला जावई ओकतोय हे सासूबाईंना कळलं तर त्यांना काय वाटेल, याचीच मला चिंता. चूळ भरली, तोंड पुसलं, बाहेर आलो.

‘‘चेहरा का असा पांढरा पडलाय तुझा?’’ वृषालीनं विचारलं.

‘‘कुठं काय. झोप कमी झाली.’’

ती आणखी काही विचारणार तेवढ्यात माजघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. अण्णा कॉटच्या कडेला धरून खाली बसले होते. ओकारीनं सदरा भिजला होता, अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे.

‘‘काही नाही, पित्त झालं असेल,’’ ते म्हणाले आणि पुन्हा ओकले. उठायला गेले तर पाय दुमडले.

सासूबाई हातातला झारा तसाच घेऊन आल्या. ‘‘अगं बाई, काय झालं हो हे? वृषाली, तो कागद बघ!’’

दाराच्या मागं अण्णांनीच चिकटवलेली तातडीच्या फोननंबरांची यादी होती. पहिला नंबर शेजारच्या शिर्केंचा, त्यांच्याकडे ओम्नी होती. पाच मिनिटांत आम्ही अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं. त्या अवस्थेतही त्यांनी सासूबाईंकडे बघून पुटपुटलं, ‘‘गॅस...’’

‘‘केलाय बंद. डोळे मिटा,’’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

गावातल्या एका छोट्या दवाखान्यात सणाच्या दिवशीही डॉक्टर होत्या. डॉ. मुजावर, तिशीच्या आसपास, चष्मा आणि भराभर चालणं. त्यांनी रक्तदाब घेतला, छातीला वायरी लावल्या, लांब कागद बाहेर आला तो दोनदा वाचला.

‘‘वय काय? साखर आहे ना यांना?’’

‘‘चौसष्ट. साखर आहे, पण एकदम काबूत,’’ सासूबाई म्हणाल्या. ती त्यांची रोजची ऐकलेली ओळ होती.

‘‘रक्तदाब ऐंशीवर आलाय. हृदयाच्या पट्टीत थोडा बदल दिसतोय. साखरवाल्यांना कधीकधी छातीत दुखत नाही, नुसत्या ओकाऱ्या आणि घाम येतो. सकाळपासून काय खाल्लं यांनी?’’

‘‘काहीच नाही हो. अजून फराळसुद्धा नाही. नुसता दुधीचा रस, तो रोजचाच.’’

‘‘दुधीचा रस?’’ डॉक्टरांनी मान वर केली. ‘‘रसात काही वेगळं? चव कशी होती?’’

‘‘चांगलाच होता की. जावईबापूंनीही घेतला ना, हे बघा, ठणठणीत उभे आहेत.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात सुऱ्या फिरत होत्या आणि मी भिंतीला टेकून, ठणठणीत, उभा होतो.

‘‘मग हृदयाचंच धरून चालावं लागेल,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘सिस्टर, ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन काढा. सलाईन सावकाश ठेवा. आणि तुम्ही गाडीची व्यवस्था करा, कऱ्हाडचे हृदयाचे डॉक्टर सणाला बाहेर आहेत, पुण्याला हलवू. तीन तासांचा रस्ता आहे, हे सांगून ठेवते.’’

वृषालीनं माझा दंड धरला. तीन तास. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो मेणासारखा दिसत होता.

खरं सांगतो, मी त्या क्षणी लगेच बोललो नाही. दहा सेकंद गेले असतील, वीसही असतील. डोक्यात विचार आला तो असा की आता बोललो तर हे घर मला कायमचं बंद. बापाला विष पाजलं आणि वर गोडसर म्हणाला, हे वृषाली आयुष्यभर कसं विसरेल? आणि डॉक्टर म्हणतायत तर हृदयाचंच असेल. सिस्टरनं सुईचं टोपण काढलं.

‘‘मॅडम, थांबा,’’ मी म्हणालो. ‘‘रस कडू होता.’’

‘‘किती?’’

‘‘भयंकर. तसा कडूपणा मी जन्मात चाखलेला नाही. मीही ओकलो. घरी, नळ सोडून. कुणाला कळू नये म्हणून.’’

वृषालीनं माझा दंड सोडला.

‘‘त्यांनी मला विचारलं होतं,’’ मी सासूबाईंकडे बघून म्हणालो. तिथं थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. ‘‘तीनदा विचारलं. मी छान आहे म्हणालो. माझ्या शब्दावर ते प्यायले.’’

डॉक्टरांनी सिस्टरचा हात मागं सारला. ‘‘ते इंजेक्शन नको. दुसरी सलाईन लावा, जोरात सोडा. कडू दुधीचं विष आहे हे. पोट आतून सोलून निघतं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘आणि तुम्ही काय उभे? त्या कॉटवर आडवे व्हा. अहो, दुधी कडू लागला की थुंकून टाकायचा असतो, जावईबापू. कडू म्हणजे औषधी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?’’

सासूबाई अण्णांच्या उशाशी बसल्या होत्या. नुसतं एवढंच पुटपुटल्या, ‘‘पण यांना स्वतःला कसं कळलं नाही? एवढं कडू, आणि प्यायले तरी कसे?’’

तासाभरानं अण्णांना रक्ताची ओकारी झाली. डॉक्टर माझ्या कॉटजवळ थांबल्या आणि हळू म्हणाल्या, ‘‘ते इंजेक्शन दिलं असतं तर मी हे रक्त थांबवू शकले नसते.’’ मी तोंडावर पांघरूण ओढून रडलो. मला भीती वाटत होती आणि लाजही. वृषाली दोन कॉटच्या मध्ये स्टूलवर बसली होती. बराच वेळ ती अण्णांकडेच तोंड करून होती. दुपारी कधीतरी तिनं मागं न बघता हात माझ्या पांघरुणावर ठेवला. मी तो धरला नाही. धरायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

दुसरा दिवस भाऊबिजेचा. त्या सकाळी अण्णांचा रक्तदाब वर आला. मला घरी जायला सांगितलं, मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि वृषाली डबा करायला घरी गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघंच. अण्णांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाले, ‘‘त्या पंख्याचा एक स्क्रू ढिला आहे.’’

मला हसू आलं आणि लगोलग रडूही. ‘‘अण्णा, मला माफ करा. मी खोटं बोललो.’’

‘‘वृषालीनं सांगितलं. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत तेही सांगितलं.’’ त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. ‘‘चूक तुमची एकट्याची नाही, पाहुणे. मला चव कळत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तीन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला. सांधे धरले, ते सुटले. पण जीभ गेली ती गेलीच. गोड नाही, कडू नाही. वासही नाही. गॅस गळला तर मला कळणार नाही, म्हणून तर तीनतीनदा नॉब बघतो. लोक म्हणतात म्हाताऱ्याला वेड लागलंय.’’

‘‘आणि रस?’’

‘‘रोज शालन, तुमची सासू, दुधीचा काप चाखून बघते. मीच तिला सांगतो, बघ गं, कडू नाही ना. तिला वाटतं सुरक्षेची सवय. पाडव्याला ती तळणात होती. म्हटलं, पाहुणे आहेत, त्यांना विचारू.’’

तीन वर्षं हा माणूस चव न कळता जेवत होता.

‘‘आईंना का नाही सांगितलं?’’

‘‘कसं सांगू? चाळीस वर्षं ती ताट वाढून समोर बसते. पहिला घास घेतला की विचारते, कसं झालंय? मी म्हणतो, झकास. तेवढ्यावर तिचा दिवस जातो. चव कळत नाही म्हटलं तर ती कुणासाठी रांधेल हो?’’ त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ‘‘तिला बोलायचं नाही. शब्द द्या.’’

मी शब्द देणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई डबा घेऊन आल्या, मागून वृषाली पाण्याची बाटली घेऊन.

‘‘मऊ भात द्यायला सांगितलंय मॅडमनी,’’ सासूबाई म्हणाल्या. दोन दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, पदर उलटा खोचलेला होता. त्यांनी अण्णांना उशी देऊन बसवलं, चमचाभर भात फुंकून भरवला आणि विचारलं, ‘‘कसा झालाय?’’

‘‘झकास,’’ अण्णा म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उजळला. ‘‘जावईबापू, तुम्हीही घ्या दोन घास. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.’’ वाटीत भात वाढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी घास घेतला.

मिठाचा खडा तोंडात धरावा तसा तो भात होता. गडबडीत सासूबाईंनी मीठ घातलं असणार आणि नंतर वृषालीनंही. सासूबाई दुसरा चमचा भरत होत्या. पोट आतून सोललेल्या माणसासाठी.

‘‘कसा झालाय?’’ त्यांनी मला विचारलं.

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत विनवणी होती. दोन दिवसांपूर्वी हेच मला विचारलं गेलं होतं आणि तेव्हाही मला कुणाचं मन मोडायचं नव्हतं.

‘‘आई, खारट झालाय,’’ मी म्हणालो. ‘‘फार खारट. देऊ नका त्यांना.’’

चमचा हवेतच राहिला. सासूबाईंनी माझ्या वाटीतलं एक शीत उचलून जिभेवर ठेवलं. मग अण्णांकडे बघितलं.

‘‘मग तुम्ही झकास कसं म्हणालात?’’

अण्णांनी पांघरुणाची कड सरळ केली.

‘‘अहो, हे तोंडात धरवत नाही. तुम्ही गिळलात कसं?’’ आणि मग, अगदी हळू, ‘‘रससुद्धा... कळला नाही तुम्हाला?’’

‘‘नाही,’’ अण्णा म्हणाले.

‘‘कधीपासून?’’

‘‘तो ताप आला होता ना. तेव्हापासून.’’

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. वृषाली भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं आता सासूबाई रडतील, किंवा चिडतील, आणि दोन्हीला मीच कारण.

‘‘तीन वर्षं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन वर्षं मी कुणाला विचारत होते मेली? यंदाच्या चकल्या कुरकुरीत झाल्या म्हणालात, त्यात मोहन कमी पडलं होतं. मला वाटलं, यांना आवडल्या.’’

‘‘तू केल्या होत्यास,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तेवढं मला कळत होतं.’’

सासूबाई पदरानं तोंड झाकून उठल्या आणि डबा घेऊन बाहेर निघून गेल्या. अण्णांनी डोळे मिटले. ‘‘तुम्ही शब्द दिला नव्हता,’’ ते मला म्हणाले, ‘‘तेव्हा तुम्हाला बोल लावता येत नाही.’’ मग बऱ्याच वेळानं, डोळे न उघडताच, ‘‘श्रीरंग, पाणी दे रे जरा.’’

वृषालीनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी दिलं. थोडं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ते त्यांनी हातानंच पुसलं.

सासूबाई आल्या त्या दोन तासांनी, नवा भात घेऊन. पदर नीट खोचलेला होता, डोळे सुजलेले होते. त्या अण्णांच्या कॉटवर बसल्या, एक घास आधी स्वतः खाऊन बघितला, मग चमचा भरला.

‘‘ऐका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीठ आज बेताचं आहे. तूप घरचं, कढवताना जरा जास्त तापलं, त्यामुळं खरपूस लागतंय. मेतकूट अगदी चिमूटभर, मॅडमना विचारून घातलंय. त्यात हिंग पुढं आलाय थोडा. पण वाईट नाही. तांदूळ यंदाचा नवा आहे, त्याचा गोडवा मागून येतो, गिळल्यावर.’’

अण्णांनी घास घेतला. सावकाश चघळला, गिळला, आणि मग थोडं थांबले.

‘‘आला का?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘आला,’’ अण्णा म्हणाले.

‘‘खोटं बोलताय.’’

‘‘हो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पुढचा घास कसा आहे ते सांग.’’